दालचिनीचं पान

विजेकोन आरच्चीनं फणस चिरायला कमरेची सुरी काढली आणि माझा घास हातातच राहिला.

भर दुपार होती. खिंडीच्या वरच्या अंगाला, सावली बघून आम्ही सातआठ जण जेवायला बसलो होतो. सुरीची मूठ हस्तिदंताची, मुठीच्या टोकाला कोरलेलं फूल, आणि त्या फुलाची एक पाकळी तुटलेली. फूल माझ्या आजोबांच्या, आईच्या वडिलांच्या हातचं होतं. डोळे बांधले असते तरी मी ते बोटांनी ओळखलं असतं. आजोबांच्या हातच्या सुऱ्या खोऱ्यातल्या निम्म्या कमरांना होत्या, हे खरं. पण तुटकी पाकळी? ती मी तोडली होती. सात वर्षांचा असताना अय्याची सुरी चोरून ऊस तोडायला गेलो आणि दगडावर पाडली. अय्या म्हणजे माझा थोरला भाऊ, उक्कुराळ. त्यानं माझा कान असा पिळला की चार दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही.

अय्याला मरून त्या दुपारी नऊ वर्षं झाली होती.

"काय बघतोस मल्ली?" विजेकोन म्हणाला. "सुरी आवडली वाटतं."

मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. आमच्यात वयानं मोठा कुणीही लहानाला तसं म्हणतो, त्यात विशेष काही नाही. पण त्याच्या तोंडून तो शब्द आला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"छान आहे," मी म्हणालो. "कुठली?"

"सात कोरळ्याच्या मुलखातली." पात्याला लागलेला चीक तो पानानं पुसत होता. "हल्मिल्लेव म्हणून गाव होतं. फिरंग्यांबरोबर गेलो होतो तेव्हा."

होतं, म्हणाला. बरोबरच आहे. आता तिथं नुसती काळी जोती आहेत.

"कुणाची होती?"

"विचारलं नाही," असं म्हणून तो गरे वाटायला लागला. मीही एक गरा घेतला. घेतला नसता तर त्याला संशय आला असता.

आमचा राजा डोंगरात, कँडीला. फिरंगी खाली किनाऱ्यावर, कोलंबोच्या कोटात. मधल्या मुलखात मरायचं कुणी, तर आम्हीच, दोन्हीकडून. फिरंग्याच्या फौजेत दोनशे फिरंगी असले तर दोन हजार आमचेच सिंहली असत. त्यांना लस्करीन म्हणायचे. तुकडीच्या नाईकाला त्यांच्याकडं आणि आमच्याकडं, दोन्हीकडं आरच्चीच म्हणत. फिरंगी आपल्या आरच्चींना बटणांचा डगला देत, टोपी देत आणि वर किरिस्ताव नावही देत. विजेकोन खाली दोमिंगो होता. महिन्यापूर्वी आपले वीस लस्करीन घेऊन तो आमच्या बाजूला आला, टोपी फेकली, तिच्याखाली दडवलेला अंबाडा मोकळा केला आणि पुन्हा विजेकोन झाला. डगलाही उतरवला, पण डगल्याची खूण अंगावर राहिलीच. गळ्याच्या वर आणि मनगटांच्या पुढं तो रापलेला होता आणि मधलं सगळं अंग उजळ. उघडा बसला तरी डगला घालून बसल्यासारखा दिसायचा.

एरवी आम्ही सगळे सारखेच. गुडघ्यापर्यंत पांढरं वस्त्र, वर उघडं अंग, मागं अंबाडा. हातात भाला नाहीतर धनुष्य, नशीब असेल त्याच्या खांद्यावर तोड्याची बंदूक. पाठीला पंधरा दिवसांचे तांदूळ, एक मडकं, आणि ताडाचं घडीचं पान. हे पान चालताना छत्री आणि मुक्कामाला दोन काठ्यांवर टाकलं की घर. फिरंगी लोखंडी छात्या आणि गुडघ्याएवढे बूट घालून डोंगर चढत, आणि बुटात जळवा शिरल्या की बसून बोंबलत. त्यांना ओळखणं सोपं होतं. पण लस्करीन अगदी आमच्यासारखेच. मग धुमश्चक्रीत आपला कोण आणि परका कोण?

त्यासाठी पान असे. लढाईच्या सकाळी आमचा दिसाव, म्हणजे प्रांताचा अधिकारी, मनाशी एक झाड ठरवी आणि एकाच माणसाला सांगे. तो माणूस प्रत्येक तुकडीकडं जाऊन आरच्चीच्या कानात ते एकदाच सांगे. आरच्ची आपल्या लोकांना सांगे, आणि प्रत्येक जण त्या झाडाचं पान अंबाड्यात खोची. दुसऱ्या तुकडीला विचारायचं नाही, खात्री करायला यायचं नाही. विचारणाऱ्याला हेर समजून तिथंच मारायची मुभा होती. मग लढाईत ज्याच्या डोक्यात ते पान नाही तो परका. तोंडओळख असली तरी परका.

त्या मोहिमेत पान सांगणारा मी होतो.

अय्याचं असं झालं होतं. पंधरा दिवसांच्या पाळीवर तो हल्मिल्लेवच्या चौकीला गेला. सुरीचं लाकडी म्यान उकललं होतं, ते अम्मानं चिकटवायला ठेवून घेतलं. "परत आलास की ने," म्हणाली. सुरी तशीच कमरेला खोचून तो गेला. तेराव्या दिवशी लस्करीन आले. आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा तो विहिरीच्या काठाशी पालथा पडला होता. जखम पाठीत होती, सुरी नव्हती, आणि अंबाडा कापलेला होता. मारणं वेगळं आणि अंबाडा कापणं वेगळं. तो चोराचा कापतात, फितुराचा कापतात. माझ्या भावानं दोन्हींपैकी काही केलं नव्हतं.

अम्मानं म्यान चुलीवरच्या वाशाला टांगलं. त्यानंतर मी पाळीवर निघालो की ती तांदूळ बांधून द्यायची, ताडपानाची घडी करून द्यायची, आणि म्यानाला हात लावून म्हणायची, "हे रिकामं आहे, डिंगिरा." बस्स, एवढंच. जपून राहा नाही, लवकर ये नाही. नऊ वर्षं हेच. तिला आणखी एक मुलगा आहे आणि तो जिवंत आहे, हे ती विसरली की काय असं मला वाटायचं. ते म्यान भरलं तर तिला मी दिसेन, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दिसावांनी बोलावलं. बातमी पक्की होती, फिरंगी दुपारपर्यंत खिंडीत येणार. दिसावांच्या पोटाभोवती इतकं कापड गुंडाळलेलं असे की बसले की उठवायला दोन माणसं लागत. फुगलेल्या बाह्या, चौकोनी टोपी, कमरेला सिंहाच्या तोंडाची मूठ असलेली वाकडी कस्तान. ती तलवार राजानं दिलेली, म्हणून ती मिरवायची, लढायला काढायची नाही. तिनं कुणाला खरचटलंही नसेल.

"फणस," ते माझ्या कानात म्हणाले. "आणि विजेकोनला सगळ्यात शेवटी सांग. नवा माणूस आहे."

"कुठं ठेवलंय त्याला?"

"खाली, ओढ्याच्या वळणावर. वाट तोच अडवील. तुमच्या वरच्या तुकड्या मागून उतरतील."

म्हणजे वरून उतरणाऱ्या आमच्या दोनशे माणसांना तो समोरच दिसणार होता. माझं ठरलं ते त्या क्षणी. ठरवायला काही वेळ लागला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल.

चारी तुकड्यांना फणस सांगितला. प्रत्येक आरच्चीनं मान हलवली, कुणी काही विचारलं नाही. मग खाली ओढ्यावर गेलो. विजेकोन भाल्याचा फाळ दगडावर घासत बसला होता. त्याचे वीस जण पलीकडं भात खात होते. त्या वीस जणांचं काय होणार हे मला कळत होतं. जे आरच्चीच्या डोक्यात तेच त्यांच्याही डोक्यात असणार. माझ्या मनात आलं, हल्मिल्लेवला हा एकटा थोडाच गेला असेल?

"ये मल्ली. काय माळायचंय आज?"

मी वाकलो. त्याच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगायचं हे तोपर्यंत ठरलं नव्हतं, फणस सोडून काहीही चाललं असतं. ओढ्यापलीकडं रानदालचिनीला लालभडक पालवी फुटलेली दिसली. ज्या सालीसाठी फिरंगी सात समुद्र ओलांडून आमच्या उरावर बसले, तिचंच पान याला शोभेल असं वाटलं.

"दालचिनी," मी म्हणालो. "कोवळी, लाल."

त्यानं ओढ्यापलीकडच्या पालवीकडं बघितलं. मग म्हणाला, "लांबून चांगली दिसेल."

"हो. म्हणूनच."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा फाळ घासायला लागला.

मी वर आलो तो हलका होऊन. इतका हलका की चढ जाणवला नाही. वरच्या कड्यावर माझी जागा होती, तिथून ओढ्याचं वळण सरळ खाली दिसायचं. अंबाड्यात फणसाचं पान खोचलं, विडा खाल्ला, आणि अम्माला काय सांगायचं ते मनाशी घोळवत बसलो.

सूर्य हातभर वर आला असेल, इतक्यात विजेकोनचा एक लस्करीन धापा टाकत वर आला. बस्त्यांव त्याचं नाव. चांगला चाळिशीचा, एक कान तुटका. मी त्याच्या अंबाड्याकडं बघितलं. त्यात फणसाचं पान होतं.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"आमच्या आरच्चींनी. सगळ्या वीस जणांना."

"आणि त्यांना?"

"कुणी सांगायला कशाला हवं? तुमच्या वरच्या तुकडीतले दहा जण एकदम फणसावर चढले होते. खालून दिसत होते." तो तोंड पुसून म्हणाला, "ते नुसते हसले. म्हणाले, पोरगा कच्चा आहे."

झाडावर चढणारी माणसं खालून दिसतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सुचलं नव्हतं.

बस्त्यांवनं कमरेतून सुरी काढली आणि मूठ माझ्याकडं करून पुढं धरली. "ही तुम्हाला द्यायला सांगितलीय. आणि निरोप आहे. जसाच्या तसा सांग म्हणालेत."

"सांग."

"'काल जेवताना तू सुरीकडं बघितलंस तेव्हाच मला कळलं. तुझा कोण होता ते मला आठवत नाही. पण असणार कुणीतरी. मी दालचिनीच माळतो. काढावीशी वाटली तर स्वतः ये आणि स्वतःच्या हातानं काढ. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.'" एवढं बोलून बस्त्यांव थांबला. मग स्वतःचं म्हणून, मला मान देत म्हणाला, "राळहामी, अजून वेळ आहे. उतार आहे. पळत गेलात तर पोचाल."

"तू जा," मी म्हणालो.

"तुम्ही येताय ना?"

"तू जा म्हटलं ना!"

तो गेला. मी सुरी उलटीसुलटी करून बघितली. फूल आजोबांचंच होतं, शंका नाही. पाकळीही तुटकी होती. पण अय्याच्या सुरीवर तुटली होती ती पात्याकडची पाकळी. हिची मागची, बोंडाकडची. पातंही बोटभर जास्त रुंद. पुन्हापुन्हा बघितलं, उन्हात धरून बघितलं. हस्तिदंतावर नवी पाकळी उगवत नाही. ही माझ्या भावाची सुरी नव्हती. हल्मिल्लेवला त्या दिवशी चौकीवर आणखी अकरा जण मेले होते. त्यांतल्याच कुणाची तरी असेल.

खाली ओढ्याच्या वळणावर एक लाल ठिपका दिसत होता. हलत नव्हता. वरच बघत असावा.

मी धावलो नाही.

लोक विचारतील, का? मीही पुष्कळदा विचारलंय. त्यानं अय्याला मारलं नसेलच असं तरी कुठं होतं, अशी मखलाशी मी नंतर करून बघितली. ती खरी नाही. खरं एवढंच की नऊ वर्षांनी मला अय्याचा मारेकरी सापडला होता, आणि तो पुन्हा हरवायची माझी तयारी नव्हती. दुसरा शोधायला आणखी नऊ वर्षं कुठून आणायची? मी सुरी मुठीत आवळून बसून राहिलो आणि तो लाल ठिपका बघत राहिलो. मला आनंद होत होता. लाज वाटत होती आणि तरीही आनंद होत होता.

फिरंगी आले ते दुपार कलायच्या आधीच. विजेकोननं वाट अशी अडवली की पुढचे तीस जण ओढ्यातच पडले. आमच्या तीन पायांच्या छोट्या तोफा कड्यावरून धडाडल्या आणि चारी तुकड्या ओरडत उतरल्या. माझं लक्ष एकाच जागी होतं. तो पाठमोरा होता, एका लोखंडी छातीवाल्याशी झुंजत होता. त्याला त्यानं लोळवलं. मग वळला, आणि वरून येणाऱ्या आमच्या माणसांना बघून भाला खाली टाकला. दोन्ही हात बाजूला केले. त्याच्या डोक्यातलं ते लाल पान सगळ्यांना दिसलं. पहिला बाण मानेत लागला, मग भाले आले. सगळं पळभरात उरकलं.

लढाई जिंकल्यावर दिसाव आपलं कापड सावरत खाली आले. प्रेताजवळ घोळका होता.

"दालचिनी?" ते म्हणाले. "डिंगिराळ, याला काय सांगितलं होतंस?"

"फणस, राळहामी."

त्यांनी विजेकोनच्या लोकांकडं बघितलं. त्यातले चौदा उरले होते. चौदाही डोक्यांत फणस. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या आरच्चींनी," बस्त्यांव म्हणाला. तो माझ्याकडं बघत होता. तो एक शब्द जास्त बोलला असता तर माझं डोकं संध्याकाळच्या आत भाल्यावर लागलं असतं. तो बोलला नाही. आरच्चीनं तसं बजावलं होतं की त्यालाच माझी किळस आली होती, मला ठाऊक नाही.

"म्हणजे याला ठाऊक होतं, आणि तरी यानं फिरंग्यांना खूण केली," दिसाव म्हणाले. "फितूर तो फितूरच. कापा अंबाडा."

कुणीतरी कापला. मी बघत उभा होतो.

पाळी संपली आणि घरी आलो. अम्मा चुलीपाशी भात वेळत होती. मी सुरी तिच्यापुढं धरली. तिनं हात पुसले, सुरी घेतली, आणि उठून वाशावरचं म्यान काढलं. फुंकर मारून काजळी उडवली. मग पातं आत घालायला लागली.

निम्मं गेलं आणि अडकलं. तिनं काढलं, उलटं करून घातलं. पुन्हा अडकलं. मग ती उजेडात आली, मूठ डोळ्यांजवळ धरली आणि फुलावरून अंगठा फिरवला. पाकळी न् पाकळी चाचपली. ते फूल तिच्या बापाच्या हातचं होतं, आणि पाकळी तुटली त्या दिवशी माझा पिळलेला कान तिनंच शेकला होता.

"कोण होता?" तिनं विचारलं.

"विजेकोन म्हणून आरच्ची होता."

"मेला?"

"मेला."

"अंबाडा?"

"कापला."

ती कितीतरी वेळ माझ्याकडं बघत होती. नऊ वर्षांत तिनं माझ्याकडं एवढा वेळ बघितलं नव्हतं. मग तिनं सुरी माझ्या हातात परत दिली आणि म्यान चुलीत घातलं.

"लाकूड फुगलंय," ती म्हणाली. "आता काय उपयोग त्याचा."

"हो," मी म्हणालो. नऊ वर्षं चुलीवर धुरात टांगलेलं लाकूड, ते फुगेल कुठून?

पुढच्या पाळीला निघालो तेव्हा ती तांदूळ बांधून देऊन थांबली नाही, अंगणाच्या कडेपर्यंत आली. माझ्या खांद्यावरची गाठ नीट केली. "जपून राहा रे," म्हणाली. "लवकर ये." मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी मान खाली घालून पायवाट उतरलो.

आता अम्मा नाही, मीही म्हातारा झालोय. सुरी अजून कमरेला आहे, म्यानाशिवाय. ती कुणाची तरी आहे, त्या कुणाच्या तरी घरी एखादं म्यान टांगलेलं असेल. चारचौघांत फणस चिरायची वेळ आली की मी सुरी काढायच्या आधी जेवणाऱ्यांचे चेहरे बघून घेतो.